बावीस माणसं, तेवीस तक्रारी

माझा आवाज मोठा आहे, हे मला माहीत आहे. कोणी सांगायची गरज नाही. दवाखान्यात माझ्या पाठीमागे मला 'भोंगा' म्हणतात, तेही माहीत आहे. म्हणणाऱ्यांची नावं रजिस्टरात आहेत, आणि त्यांना नेमकी एका पायाने डुगडुगणाऱ्या बाकावर जागा मिळते, तो निव्वळ योगायोग समजावा.

सव्वीस वर्षं मी या दवाखान्याच्या खिडकीत बसते. खिडकी म्हणजे प्लायवुडच्या भिंतीला पाडलेलं हातभर भोक. त्याला एक फळी, फळीवर रजिस्टर, आणि दोरीने बांधलेलं पेन. पेन बांधून ठेवावं लागतं, कारण पेशंट आपला खोकला इथे सोडून जातो आणि पेन घेऊन जातो. बाजूला वजनाचा काटा आहे. तो सगळ्यांना एक किलो जास्त दाखवतो, त्यामुळे कोणी कोणाला हसत नाही.

आमची पद्धत साधी होती. सकाळी आठला फोन सुरू व्हायचा. चाळीस नंबर, पहिला येईल त्याला पहिला. साडेआठला नंबर संपायचे आणि मग लोक खिडकीपाशी येऊन 'ऐंशी वेळा फोन लावला हो बाई' म्हणून रडायचे. मी प्रत्येकाला तीनच गोष्टी विचारायचे : नाव, वय, काय होतंय. आणि समोरचा जे सांगेल ते लिहिता लिहिता मोठ्याने म्हणायचे, म्हणजे चूक राहत नाही. "मूळव्याध! किती दिवस? आग होते का? होते!" मोठे डॉक्टर आतून हसायचे. म्हणायचे, बाई, तुमच्यामुळे पेशंट आत यायच्या आधीच मला निम्मं कळतं. बाकांवरच्या लोकांना सगळंच कळायचं, पण त्याला माझा इलाज नव्हता. व्यायामशाळेच्या मास्तरांना मी एकदा "जंत!" म्हणाले, तेव्हापासून ते फिरकलेच नाहीत. मला वाटलं, गुण आला असेल.

आता घरचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथली आहे.

आमचे हे चौतीस वर्षं कोर्टात टंकलेखक होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी घरात बोलताना 'सदरहू' आणि 'उपरोक्त' सुटत नाही. तब्येत ठणठणीत. पण गेले तीन महिने काहीतरी बिनसलं होतं. संध्याकाळचं फिरणं बंद झालं. बसल्याजागी उजव्या कुशीला हात जायचा. जेवता जेवता मधेच गप्प व्हायचे. मी विचारलं की एकच उत्तर, "काही नाही." मी रोज विचारायचे. दारात विचारलं, जिन्यात विचारलं, भाजी घेताना विचारलं. "अहो, काय होतंय? पोटाचं आहे का? लघवीचं आहे का? सांगाल तर कळेल ना!" ते इकडेतिकडे बघायचे आणि पिशवी घेऊन पुढे चालू लागायचे. माझ्या हाताखालून लाखभर पेशंट गेले असतील, आणि घरातल्या एका माणसाला मी डॉक्टरांसमोर उभं करू शकत नव्हते. रात्रंदिवस जीव टांगणीला लागला होता.

त्यातच मोठे डॉक्टर थकले आणि त्यांची मुलगी खुर्चीत बसली. तिला मी फ्रॉकमध्ये पाहिलंय, त्यामुळे एकटी असली की मी तिला 'अगं' म्हणते आणि लोकांसमोर 'अहो डॉक्टर'. ती मला दोन्हीकडे मावशीच म्हणते.

"मावशी," ती एका गुरुवारी म्हणाली, "सोमवारपासून आठचा फोन बंद. लोक मोबाइलवर फॉर्म भरतील. काय त्रास आहे, कधीपासून आहे, ते लिहितील. मी वाचून ज्याची गरज जास्त त्याला आधी वेळ देईन. आता ज्याचं बोट चपळ त्याला नंबर मिळतो, आणि ज्याला खरंच बरं नाही तो राहतो."

हे एक वेळ मला पटलं असतं. पण ती पुढे म्हणाली, "शिवाय, सगळ्यांसमोर सांगायची लोकांना लाज वाटते."

"कोणाला लाज वाटते?" मी म्हणाले. "नाव सांगा त्याचं!"

बाकांवरचे अकरा जण माझ्याकडे बघायला लागले. धाकट्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि आत गेल्या.

दुसऱ्याच दिवशी भिंतीवर मोठा कागद लागला. 'आपली माहिती थेट डॉक्टरांपर्यंत.' तो चिकटवायला खळ मीच आणून दिली. स्वतःच्या पायावर धोंडा म्हणतात तो असा.

घरी येऊन मी भांडी जरा जोरातच आपटली. एरवी आमचे हे अशा वेळी पेपर तोंडासमोर धरतात. त्या दिवशी मात्र पेपर खाली ठेवून लक्ष देऊन ऐकत होते.

"थेट डॉक्टरीणबाईंकडे जातं?" त्यांनी विचारलं. "मधे कोणी वाचत नाही?"

"मधे कोण वाचणार? मधे मी होते. मला आता नुसतं 'पुढचा' म्हणायला ठेवलंय."

"हं," ते म्हणाले, आणि बराच वेळ नुसते बसून राहिले. मला वाटलं, माझ्या दुःखाने बसले. मनात म्हटलं, शेवटी नवरा आहे, वाटायचंच.

रविवारी सकाळी दार उघडते तर पायरीवर रांग. आमच्या गल्लीत निम्म्यांकडे साधे फोन, उरलेल्यांकडे शहाणे फोन पण ते नातवंडं आल्याशिवाय चालत नाहीत. कोणीतरी म्हणालं, वकीलसाहेब टाइप करतात की! गल्ली ह्यांना वकीलसाहेब म्हणते. चौतीस वर्षं वकिलांच्या शेजारी बसल्याने एवढं तरी मिळालं. हे पायरीवर चष्मा लावून बसले, मांडीवर मोबाइल, आणि एकेकाची तक्रार फॉर्मात भरू लागले. मी चहा घेऊन गेले आणि सवयीने विचारलं, "काय होतंय ह्यांना?"

"तू आत जा," हे म्हणाले. "हे गोपनीय असतं."

सव्वीस वर्षांची नोकरी माझी, आणि गोपनीय हे मला शिकवणार! मी चहा परत आत नेला आणि स्वतःच प्यायले.

सोमवारी सकाळी नऊला धाकट्या डॉक्टरांनी आतून हाक मारली. आवाज घाबराघुबरा. कॉम्प्युटरवर आडवी लाल पट्टी, आणि तीत लिहिलेलं : 'रुग्ण अत्यवस्थ. तातडीने रुग्णवाहिका बोलवा.'

"मावशी, हा एकच पेशंट आहे आणि त्याला तेवीस आजार आहेत," त्या म्हणाल्या. "हा माणूस जिवंत कसा आहे?"

मी फोन नंबर पाहिला. आमच्या घरचा. ह्यांचा.

मी खुर्चीची पाठ धरली. तीन महिने 'काही नाही, काही नाही' करत माणसाने तेवीस आजार पोटात ठेवले! पहिल्या तीन ओळी वाचल्या. गुडघा. पोटात गॅस. मग गर्भारपण, पाचवा महिना.

पाचवा महिना वाचला आणि माझ्या जिवात जीव आला.

उलगडा झाला तो असा. गल्लीतल्या सगळ्यांचे फॉर्म हे एकाच मोबाइलवरून भरत होते. कॉम्प्युटरला शिकवलेलं होतं, एक मोबाइल म्हणजे एक पेशंट. त्याने सगळ्या तक्रारी एकाच माणसाच्या अंगावर घातल्या आणि नाव तेवढं शेवटच्याचं ठेवलं, म्हणजे इस्त्रीवाल्याचं. वेळही एकच दिली, संध्याकाळी पाच. डॉक्टरांनी ह्यांना फोन लावला, तर हे म्हणतात, "हो हो, निरोप पोचला. मी सगळ्यांना पाचला घेऊन येतो."

आणि आणले की! पाचला बावीस माणसं दारात. बाक भरले, जिना भरला, इस्त्रीवाला वजनाच्या काट्यावरच बसला तेव्हा त्याला मी उठवलं. हे दाराशी, शाळेची सहल काढलेल्या गुरुजींसारखे, माणसं मोजत होते. धाकट्या डॉक्टरांनी तेवीस कागद छापून, न वाचता, माझ्या हातात ठेवले.

"मावशी, कोणता कागद कोणाचा, एवढं लावून द्या. तोवर मी आतले दोन पेशंट बघते."

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला. पहिल्याच दिवशी माझ्यावाचून अडलं होतं. मी खिडकीत उभी राहिले, पदर खोचला.

हे घाईघाईने पुढे आले. चेहरा उतरला होता. "ते कागद इकडे दे. मी भरलेत, मी लावतो."

"तुम्ही बसा," मी म्हणाले. "ज्यांनी गुंता केला त्यांनी सोडवू नये."

"अगं, ऐक तरी..."

"बसा म्हणते ना!"

ते बसले नाहीत. काट्यापाशी जाऊन उभे राहिले. मी पहिला कागद उचलला आणि वाचला, माझ्या नेहमीच्या आवाजात.

"'अर्जदारीण सविनय सादर करते की, तिचा उजवा गुडघा जिना चढतेवेळी सहकार्य करीत नाही. डावा अद्याप निष्ठावंत आहे.' कोण?"

पाळणाघरवालीने हात वर केला. लोक हसले. तीही हसली. एक कागद लागला.

"'प्रस्तुत अर्जदाराच्या पोटात वायूचा मुक्त संचार असून त्याची वाच्यता चारचौघांत होते.'"

हात कोणाचाच वर गेला नाही. पण सगळी खोली हळूहळू निवृत्त मुख्याध्यापकांकडे वळली. ते छताकडे बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "असेल. द्या."

"'अर्जदारीण गर्भवती असून तिचे डोके दुखते. दुखण्याचे कारण सासूबाईंच्या सूचना.'"

ती बिचारी नुसत्या सोबतीला आलेल्या सासूबाईंच्या शेजारीच बसली होती. पुढची पाच मिनिटं तिथे काय झालं ते लिहीत नाही. एवढंच सांगते की संपलं तेव्हा डोकं दोघींचंही दुखत होतं, आणि सासूबाईंचा फॉर्म नव्हता.

मग न्हाव्याचा कागद आला. "'सदरहू खाज ही अर्जदाराच्या मिळकतीच्या दक्षिण सीमेवर असून, रात्री अतिक्रमण करते.' आता दक्षिण सीमा म्हणजे कुठे?"

"बाई," न्हावी म्हणाला, "पुढचा कागद वाचा ना."

एवढी वर्षं मी लिहिताना मान खाली घालून लिहिते. रजिस्टर दिसतं, माणूस दिसत नाही. त्या दिवशी रजिस्टर नव्हतं, म्हणून मला न्हाव्याचे कान दिसले. लाल झाले होते. गल्लीत सगळ्यांच्या टोप्या उडवणारा माणूस, पण मान वर करत नव्हता. मला जरा चमत्कारिक वाटलं. तरी हातात गठ्ठा होता आणि सवय होती, मी वाचत गेले. शिंप्याचा खांदा, शिकवणीवाल्या बाईंची झोप, इस्त्रीवाल्याचा अंगठा. एकेक हात वर होत गेला, काही कानापर्यंत, काही नुसते मांडीवरच हलले.

मधेच काट्याकडे लक्ष गेलं. हे काट्यावर चढून माझ्याकडे पाठ करून उभे होते. काय वजन करत होते कोण जाणे. उतरतच नव्हते.

बावीस कागद लागले. बावीस माणसं संपली. हातात एक कागद उरला.

"हा कोणाचा?" मी म्हणाले, आणि वाचायला तोंड उघडलं.

त्यावर 'सविनय' नव्हतं. 'सदरहू' नव्हतं. तीन ओळी होत्या. 'तीन महिने लघवीतून रक्त जातं. उजव्या कुशीत दुखतं. भीती वाटते.'

खाली फॉर्मात छापलेला प्रश्न होता : 'डॉक्टरांना आणखी काही सांगायचे आहे का?'

'बायकोला कळवू नये. ती खिडकीवर असते. तिचा आवाज मोठा आहे.'

मी उघडलेलं तोंड मिटलं. काट्यावरची पाठ अगदी ताठ झाली होती. मानेवरचा तो तीळ मी चाळीस वर्षं बघते आहे. ते आता वाट बघत होते, माझ्या आवाजाची.

"वाचा की बाई!" मुख्याध्यापक म्हणाले. स्वतःचं झाल्यावर माणसाला चेव येतो.

"कोरा आहे," मी म्हणाले. "मशीनने जास्तीचा काढला."

इतक्या वर्षांत मी रुग्णाच्या कागदाबद्दल खोटं बोलले नव्हते. तो कागद मी चार घड्या करून मुठीत धरला आणि आत गेले.

धाकट्या डॉक्टरांनी कागद वाचला. मग माझ्याकडे बघितलं. "मावशी, हा तुमच्या हातात पडायला नको होता. चूक माझी आहे."

"पडला कुठे?" मी म्हणाले. "पेशंटने लिहिलंय ना, बायकोला कळवू नये. मग बायकोला कळलेलं नाही." आणि मला रडू फुटलं. खुर्चीवर बसून रडले, आणि रडताना मला कळलं की मला मुळीच आवाज न करता रडता येतं. हे कधी करून पाहिलं नव्हतं.

"फार वाईट काही असेल का गं?" मी विचारलं.

"तपासल्याशिवाय कसं सांगू? पण थांबायचं नाही." त्यांनी तिथल्या तिथे ह्यांच्या मोबाइलवर निरोप पाठवला : 'उद्या दुपारी दीड वाजता यावे.' दीडला दवाखाना बंद असतो. बाक रिकामे असतात. खिडकीला पडदा असतो. पण पडद्यामागे मी डबा खात असते, आणि हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

म्हणून दुसऱ्या दिवशी एक वाजताच मी पडदा बाजूला सारला, म्हणजे खुर्ची रिकामी आहे हे लांबूनही दिसावं. डबा उचलला आणि समोर शिंप्याच्या दुकानात जाऊन, टांगलेल्या शर्टांच्या मागे उभी राहिले.

"बाई, काही शिवायचंय का?" शिंपी म्हणाला.

"तोंड," मी म्हणाले. "गप्प बस जरा."

दीडला पाच मिनिटं असताना हे आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, कोर्टात जायचे तसा. दाराशी थांबले, वाकून खिडकीत पाहिलं. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग खांदे सैल सोडले आणि आत गेले. इतकं सोपं होतं. माझ्या खुर्चीवर मी नसणं, एवढंच औषध तीन महिने हवं होतं. शर्टांच्या मागे उभी राहून मला स्वतःचा असा राग आला की मी डब्याचं झाकण परत लावून टाकलं. शिंप्याने न बोलता स्टूल पुढे सरकवलं.

पस्तीस मिनिटांनी ते बाहेर आले, हातात सोनोग्राफीची चिठ्ठी, आणि आले होते त्याच्या उलट्या दिशेला, मोठ्या दवाखान्याच्या रस्त्याला लागले. मी खिडकीत परत गेले. संध्याकाळी पेशंट येत गेले. मी फळीवर एक कोरं पॅड आणि दोरीने बांधलेली पेन्सिल ठेवली होती. ज्याला फॉर्म जमत नाही त्याने पॅडवर लिहावं, ते मी वाचावं आणि आत न्यावं. पहिलाच न्हावी आला. त्याने लिहिलं, मी वाचलं, मान हलवली.

"बाई," तो म्हणाला, "बरं नाही का तुम्हाला?"

घरी पोचले तेव्हा हे स्वयंपाकघरात टेबलापाशी बसले होते. समोर पाण्याचा तांब्या, रिकामा. दुसरा भरून ठेवलेला. मी चप्पल काढली, हात धुतले, काही विचारलं नाही. विचारायचं नव्हतंच मला, बायकोला काही कळलेलं नव्हतं.

"मी आज तुमच्या दवाखान्यात गेलो होतो," ते म्हणाले. "तू नव्हतीस."

मी मान हलवली.

"मुतखडा आहे. मूत्रपिंडाच्या तोंडाशी अडकलाय. रक्त त्याचंच. पुढच्या आठवड्यात काढतील. रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, आणखी महिना काढला असता तर मूत्रपिंड गेलं असतं. आता धोका नाही."

मी बसले. मला म्हणायचं होतं, फार दुखतं का हो? म्हणाले मी, पण हळू. हळू बोलायची सवय नाही, नुसती हवा बाहेर आली.

"काय म्हणालीस?"

मी पुन्हा तसंच म्हणाले. ओठ हलले असतील फक्त.

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझा हात धरला. "अगं, कुजबुजतेस काय? माझ्यापासून काही लपवलंय का तुम्ही दोघींनी? डॉक्टरीणबाई काही वेगळं बोलल्या का तुझ्याशी? खरं सांग. असं बोलू नकोस, मला भीती वाटते. नेहमीसारखं बोल."

"नेहमीसारखं?"

"नेहमीसारखं."

"मग तीन महिने काय दातखीळ बसली होती का तुमची?" मी म्हणाले, आणि माझा आवाज लागला तो असा लागला की ताटाळ्यातली ताटं वाजली. "रक्त जातं तरी गप्प! मूत्रपिंड म्हणजे काय दुधाचा दात आहे, पडला की दुसरं येईल? मी मेले होते का इथे?"

भिंतीपलीकडे पाळणाघरवालीने खिडकी उघडल्याचा आवाज आला. "काय झालं हो?" तिने हाक मारली. "सगळं ठीक ना?"

मी जीभ चावली. तोंडावर हात ठेवला आणि ह्यांच्याकडे पाहिलं.

हे उठले. कुशीला हात धरून खिडकीपाशी गेले, गज धरले, आणि चौतीस वर्षं कोर्टात ज्याचा आवाज कोणी ऐकला नाही तो माणूस अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला :

"मुतखडा! तीन महिने! बरा होणारा आहे!"